खेड्यांच्या दारी आलेले कर्करोग-संशोधन

शास्त्रीय संशोधन म्हटले की काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एकांतप्रिय पंडित, असे चित्र श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. कर्करोगाच्या बाबतीत हे चित्र अर्धेच खरे होय. हा रोग कोणास होतो, कोठे होतो आणि का होतो, ह्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मिळत नाहीत. त्यांसाठी लोकांच्या घरी जावे लागते.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी हेही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी रोगाबरोबरच रोग्याच्या राहणीचीही विचारपूस केली. कमरेस घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाखाली होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनीच वैद्यकीय जगापुढे मांडला. ह्या विषयावरील त्यांचा व सूर्याबाई ह्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याची धुराही खानोलकरांनीच वाहिली.

परंतु रुग्णालयास दिसतो तो दारी आलेला रोगी. जो आलाच नाही, त्याचे काय? मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्यावार नोंद होऊ लागली. खेडी मात्र अंधारातच राहिली. अखेर १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ह्या देशातील अशा प्रकारचा हा पहिला ग्रामीण प्रयत्न होता. खेड्यात रुग्णालयांची दप्तरे कोठून असणार? म्हणून कार्यकर्तेच गावोगाव हिंडले. रोगाची लक्षणे लोकांस समजावून द्यावी, संशयित रोग्यास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात पोहोचवावे व नोंद करावी, असा त्यांचा क्रम असे. ह्या नोंदींवरून स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक असल्याचे स्पष्ट झाले.

हा रोग एकाएकी उद्भवत नाही. पॅपिलोमा नावाचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला म्हणजे पेशी हळूहळू बिघडतात. हा कार्यकारणभाव दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बिघाड वेळीच सापडला, तर साध्या उपचाराने पुढचे संकट टळते. प्रश्न एवढाच, की खेड्यातील गरीब स्त्रीसाठी कोणती तपासणी योग्य?

ह्याचे उत्तर शोधण्यास १९९९ साली तीन संस्था एकत्र आल्या. परळचे अनुभवी वैद्य, बार्शीचे गावे जाणणारे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, ह्यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात काम आरंभले. डॉ. शंकरनारायणन्, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री व डॉ. कस्तुरी जयंत ही त्यांतील प्रमुख नावे. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांची ५२ ग्रामसमूहांतून चार गटांत विभागणी झाली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात काचपट्टीवरील पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, अशी योजना होती. चौथा गट तुलनेचा. त्यास ठरावीक तपासणी नव्हती.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी ह्या कर्करोगाने दगावल्या. तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यातून एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. अन्य दोन पद्धतींनी त्या अभ्यासात तसा ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना आता गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी विषाणू-चाचणीचाच पुरस्कार करते.

तथापि त्या ६४ मृत्यूंवरून पुढे गंभीर आक्षेप निघाला. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असता हजारो स्त्रियांस तीविना ठेवणे योग्य होते काय? ह्यावर उत्तर असे, की त्या भागात तपासणीची नित्याची सोय नव्हतीच. तुलनेचा गट तेथील वास्तव स्थितीतच राहिला. हे उत्तर खोटे नाही, परंतु त्याने मनाचे पूर्ण समाधानही होत नाही. तुलनेवाचून सत्य कळत नाही, आणि तुलनेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

अशा संशोधनास सहकार्य म्हणतात, तेव्हा संस्थांची नावे घेतली जातात, आणि ती घ्यावीतही. पण घरकाम व शेतकाम सोडून, संकोच गिळून तपासणीस येणारी स्त्री ह्या सहकार्यात बरोबरीची भागीदार आहे. तुलनेच्या गटातील स्त्रीचे ऋण तर त्याहून मोठे. ते शोधनिबंधाने फिटणारे नव्हे. जे ज्ञान त्यांच्या आयुष्यांतून निघाले, ते त्यांच्या लेकी-सुनांच्या गावी तपासणीच्या रूपाने परत पोहोचेल, तेव्हाच ते फिटेल.