जन्माचे दुखणे आणि पासष्टावा नियम

सियालदहहून निघालेली लोकल जेथे संपते ते बजबज हे हुगळीकाठचे जुने गिरणगाव. इतिहासाच्या वाचकाला ते दोन प्रसंगांमुळे ठाऊक असते. १८९७ मध्ये विदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद येथे बोटीतून उतरले आणि रेल्वेने कलकत्त्यास गेले. १९१४ मध्ये ‘कामागाता मारू’च्या उतारूंवर येथेच गोळीबार झाला. तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्यांच्या या गावी कामानिमित्त जाणे झाले, तेव्हा माझे लक्ष मात्र वेधून घेतले ते औषधांच्या दुकानांनी.

बंगालमध्ये औषधाचे दुकान म्हणजे निव्वळ विक्रीचे ठिकाण नव्हे. दुकानाच्या मागल्या खोलीत वा बाजूच्या खणात डॉक्टर बसतात; त्यास येथे ‘चेंबर’ म्हणतात. दर्शनी फलकावर डॉक्टरांची नावे आणि त्यांचे वार लिहिलेले असतात. आपल्याकडे दवाखान्यापाशी औषधाचे दुकान निघते. येथे दुकानाच्या आश्रयाने दवाखाना चालतो. डॉक्टर आठवड्यातून एखाद-दोन वेळा येणार, दुकानदार मात्र रोजचा. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह, दमा असली जन्माची दुखणी सांभाळण्याचा भार नकळत दुकानाच्या फळीवर येऊन पडतो. निवृत्त गिरणी कामगार गोळ्यांचे रिकामे पाकीट पुढे करतो, दुकानदार तसेच दुसरे देतो. चिठ्ठीचा उल्लेख दोघांपैकी कोणीही करत नाही.

हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत कोठे बसतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी औषध म्हणजे कंपाउंडरने बाटलीत भरून दिलेले मिश्रण. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि तिच्या खाचांवरून मात्रा मोजली जाई. बाटली संपली की बहुधा दुखणेही संपलेले असे, कारण त्या काळाची मुख्य चिंता तापांची होती: मलेरिया, काळा आजार, विषमज्वर. भेसळयुक्त क्विनीनच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९३० मध्ये सरकारने औषध चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील कर्नल रामनाथ चोप्रा. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यातूनच पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा अशी इमारत उभी राहिली. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हा दंडक शेवटच्या कायद्याने घातला.

या साऱ्या रचनेच्या मुळाशी दोन भीती होत्या: भेसळ आणि विषबाधा. रोगी तेच औषध वर्षानुवर्षे घेत राहील, ही कल्पना तिच्या केंद्रस्थानी नव्हती. ते स्वाभाविकही होते. इन्शुलिनचा शोध १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे लागला होता. परंतु उच्च रक्तदाबावर रोज घ्यावयाची परिणामकारक गोळी तेव्हा जवळजवळ नव्हतीच. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणांविषयी १९३१ मध्ये कलकत्त्यातून लिहिले. तो धागा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पुढे नेला. त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. म्हणजे नियम आधी झाले आणि ज्या दुखण्यांची आज दुकानात सर्वाधिक वर्दळ आहे, त्यांची औषधे मागाहून आली.

असे असूनही या नियमावलीत जन्माच्या दुखण्यासाठी एक जागा आहे. पासष्टाव्या नियमानुसार ‘एच’ अनुसूचीतील औषधाची चिठ्ठी एकदाच चालते. मात्र ती पुन्हा चालेल असे डॉक्टरने तिच्यावर लिहिले असेल, तर पुन्हा औषध देता येते. किती वेळा आणि किती अंतराने हे लिहिलेले असल्यास दुकानदाराने त्याबरहुकूमच वागावे. प्रत्येक खेपेस त्याने चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता आणि तारीख नोंदवावी. रक्तदाबाची अम्लोडिपिन ही गोळी याच अनुसूचीत येते. इन्शुलिन आणि मेटफॉर्मिन ‘जी’ अनुसूचीत आहेत. वैद्यकीय देखरेखीवाचून घेणे धोक्याचे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर असावा लागतो.

माझ्या मते नियमाच्या या तीन ओळींत दीर्घ आजाराच्या व्यवस्थापनाची संपूर्ण पद्धत सामावली आहे. डॉक्टर मुदत ठरवतो, दुकानदार अंतर सांभाळतो आणि मुदत संपली की रोगी तपासणीसाठी परत जातो. व्यवहारात मात्र दोन टोकेच दिसतात. एकीकडे जुन्या पाकिटावर वर्षानुवर्षे गोळ्या मिळत राहतात. दरम्यान मात्रा बदलायला हवी होती की मूत्रपिंड बिघडू लागले, हे कोणालाच कळत नाही. दुसरीकडे तपासणीची मोहीम निघाली की दुकानदार चिठ्ठीवाचून साफ नकार देतो. डॉक्टरचा वार चार दिवसांवर असतो आणि गोळी खंडित होते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून रोगीही निर्धास्त असतो. पुढची सूचना पुष्कळदा पक्षाघाताचीच असते.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बजबजला कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. पाच वर्षे विमित नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला नाममात्र वर्गणीत स्वतःसाठी व जोडीदारासाठी या योजनेचे वैद्यकीय साहाय्य चालू ठेवता येते, हे अनेकांना ठाऊकच नसते. जनऔषधी दुकाने २००८ पासून सुरू झाली. पश्चिम बंगालने २०१२ मध्ये सरकारी रुग्णालयांत रास्त दराची औषध दुकाने काढली. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे आपले चार जिल्हे आरंभापासून होते. त्यात एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येक रोग्याच्या भेटींची नोंद, हे सूत्र होते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी आणि उच्च रक्तदाबाचे रोगी ३१ कोटींहून अधिक आहेत. एवढा भार सरकारी खिडक्या पेलणार नाहीत. कोपऱ्यावरचे दुकानच तो आज वाहत आहे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी फार्मासिस्टवर रोग्याला सल्ला देण्याची जबाबदारी टाकली आहे. ती प्रत्यक्षात आणायची तर पासष्टावा नियम हाच तिचा पाया होय. त्यासाठी नवा कायदा नको. औषध निरीक्षकाने दुकानात गेल्यावर चिठ्ठी आहे का, एवढ्यावर न थांबता तिच्यावर पुनर्वापराची मुदत आणि तारखांचे शिक्के आहेत का, हेही पाहावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांचे आईवडील बहुधा दूर गावी असतात आणि त्यांच्या गोळ्यांची चौकशी दूरध्वनीवरच होते. पुढच्या खेपेस डॉक्टरांना एवढेच विनवावे की, ‘दर महिन्यास, तीन वेळा, त्यानंतर तपासणी’ असे काहीतरी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे; आणि दुकानदाराकडे शिक्क्याचा आग्रह धरावा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या नियमाने दिलेला हा हक्क आहे. त्याला खर्च पडतो तो शाईच्या एका ओळीचा.