बंद पडलेल्या मॉडेलची किंमत

एखाद्या मोटारीचे उत्पादन थांबले, की तिच्या किमतीची घसरण केवळ वयाच्या हिशेबाने होत नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगावात तयार झालेल्या फियाटच्या गाड्या हे त्याचे जवळचे उदाहरण. फियाट व टाटा मोटर्स यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतील या कारखान्यातून 2009 मध्ये लिनिया आणि ग्रँड पुंटो बाजारात आल्या. दणकट बांधणीची वाखाणणी झाली. खप मात्र बेताचाच राहिला. 2019 च्या सुमारास भारतात फियाट नावाने मोटारी विकणे थांबले. कारखाना सुरूच राहिला, 2017 पासून तेथे जीप कंपासही बनू लागली. पण कारखाना शेजारी आहे म्हणून शिरूरच्या पुंटोला चार पैसे जास्त मिळत नाहीत!

पहिला फटका बंदच्या बातमीनेच बसतो. विक्रेते शिल्लक नव्या गाड्या सवलतीत काढतात, साहजिकच जुन्यांचा भाव त्याखाली जातो. पुढची घसरण सर्व्हिस सेंटर कमी होतील तशी होते. पुंटोचे 1.3 लिटर डिझेल इंजिन मारुती स्विफ्ट व टाटा इंडिका व्हिस्टामध्येही होते, त्यामुळे इंजिनाचे काम दौंडसारख्या गावातील मेकॅनिकलाही परके नाही. अडते ते हेडलाइट, बंपर, दरवाजे अशा त्याच मॉडेलपुरत्या भागांवर. किरकोळ धडकेनंतरही गाडी भागासाठी खोळंबून राहू शकते, आणि गिऱ्हाईक हा धोका आधीच किमतीतून वजा करते.

विम्याची बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी चोरीस गेली वा पूर्ण निकामी झाली, तर भरपाई 'आयडीव्ही' म्हणजे विम्यासाठी ठरलेल्या किमतीच्या आधारे मिळते. प्रचलित कोष्टकात दुसऱ्या वर्षी 20 टक्के, तर पाचव्या वर्षी 50 टक्के घसारा धरतात. पाच वर्षांवरील गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेले यांची किंमत मात्र कंपनी व वाहनधारक यांच्या सहमतीने ठरते. म्हणजे गाडी तीनच वर्षांची असली तरी मॉडेल बंद असल्यास कोष्टकाचा आधार उरत नाही. नूतनीकरणाच्या वेळी हा आकडा न वाचता सही करणे महागात पडू शकते. हप्ता थोडा वाचतो, भरपाई मोठ्या फरकाने घटते.

प्रत्येक बंद मॉडेल मातीमोल होते, असेही नाही. टोयोटा क्वालिस 2005 मध्ये बंद झाली, तरी प्रवासी वाहतुकीतील मागणीमुळे तिचा भाव पुढे बराच काळ टिकला. कंपनी देशात राहिली आणि सुटे भाग मिळत राहिले, हा मोठा फरक. शेवरोलेने 2017 अखेर भारतातील विक्रीच थांबवली. तिच्या ग्राहकांचा हा आधार कमकुवत झाला.