रहस्यपर्वत : माउंट वॉडिंग्टन

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याला समांतर अशी कोस्ट पर्वतरांग पसरली आहे. माउंट वॉडिंग्टन हे तिचे सर्वोच्च शिखर होय. त्याची उंची ४,०१९ मीटर असून कॅनडातील रॉकी पर्वताचे सर्वोच्च शिखर माउंट रॉबसन (३,९५४ मीटर) त्याच्याहून ठेंगणे आहे. तरीही रॉबसनची कीर्ती वॉडिंग्टनच्या वाट्याला आली नाही.

या उपेक्षेचे कारण भूगोलात आहे. महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेला अडून वर चढतात व प्रचंड हिमवर्षाव करतात. त्यावर पोसलेल्या हिमनद्यांनी शिखराला वेढले आहे. पश्चिमेकडील फ्रँकलिन हिमनदीचे पाणी नाइट इनलेट या खाडीला, तर पूर्वेकडील टीडमन हिमनदीचे पाणी होमाथ्को नदीमार्गे ब्यूट इनलेटला मिळते. या अरुंद, खोल खाड्याही प्राचीन हिमनद्यांनीच कोरल्या आहेत.

शिखराला ज्यांचे नाव मिळाले, त्या आल्फ्रेड वॉडिंग्टन यांनी १८६० च्या दशकात ब्यूट इनलेटपासून सोन्याच्या खाणींपर्यंत रस्ता नेण्याचे काम आरंभिले होते. १८६४ मध्ये त्सिल्कोतीन या मूळ रहिवाशांशी झालेल्या संघर्षात अनेक कामगार मारले गेले, पुढे सहा त्सिल्कोतीन प्रमुखांना फाशी देण्यात आली आणि रस्ता अपुराच राहिला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१८ मध्ये संसदेत या प्रमुखांना निर्दोष घोषित केले.

१९२५ मध्ये व्हँकुव्हर बेटावरील माउंट अॅरोस्मिथवरून डॉन व फिलिस मंडे या गिर्यारोहक दांपत्याला दूरवर हे शिखर दिसले. त्यांनी त्याला 'रहस्यपर्वत' म्हटले. खाडीतून होडीने आणि पुढे घनदाट अरण्यातून वाट काढीत ते वारंवार तेथे गेले. १९२८ मध्ये त्यांनी वायव्येकडील, किंचित कमी उंचीचे शिखर गाठले. मुख्य सुळक्यावरील १९३४ च्या एका प्रयत्नात अॅलेक डॅल्ग्लिश यांचा मृत्यू झाला. अखेर २१ जुलै १९३६ रोजी फ्रिट्झ वीस्नर व विल्यम हाउस यांनी दक्षिण कड्यावरून माथा सर केला.

ज्या बर्फाने या प्रदेशाचे रक्षण केले, तोच आता मागे हटत आहे. हिमनदी ओसरली की तिने तोलून धरलेले डोंगरउतार निराधार होतात. २८ नोव्हेंबर २०२० रोजी ब्यूट इनलेटजवळील एलियट क्रीकच्या खोऱ्यात सुमारे १ कोटी ८० लाख घनमीटर खडक हिमनदीच्या पायथ्याच्या सरोवरात कोसळला. शंभर मीटरहून उंच लाट उसळली, आणि खाली झेपावलेल्या पुराने सामन माशांची अंडी घालण्याची ठिकाणे उद्ध्वस्त केली. पश्चिम कॅनडातील हिमनद्यांचे घनफळ २००५ च्या तुलनेत २१०० पर्यंत सुमारे ७० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. वॉडिंग्टनचा सुळका तेव्हाही उभा असेल. त्याच्या पायाशी बर्फ किती उरेल, हाच प्रश्न आहे.