नांदेड-लातूरच्या घरातला संगणक

नांदेड आणि लातूरमध्ये संगणक आधी महाविद्यालयांत आला, घरात बऱ्याच उशिरा. नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. मध्यमवर्गीय घराला संगणक हवासा वाटू लागला तो एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आल्यावर. तो चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ ची, आणि विंडोज एक्सपीही त्याच वर्षी बाजारात आली. क्लासमध्ये शिकलेले घरी गिरवायला मशीन लागे.

निवड व्हायची ती दुकानदाराच्या कोटेशनवर. ब्रँडेड संगणक महाग पडे, म्हणून असेंबल्डला पसंती. सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठा म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर. मुंबईच्या मानाने हैदराबाद-सिकंदराबाद नांदेड-लातूरला कितीतरी जवळ.

कोटेशनवर सगळ्यांची नजर आधी प्रोसेसरच्या गिगाहर्ट्‌झवर जाई, आणि इथेच पैसे चुकीच्या जागी जात. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ आणि शिफारस म्हणून १२८ एमबी रॅम सांगितली होती. स्वस्त मदरबोर्डवर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसे. चित्रासाठी लागणारी मेमरी त्याच १२८ मधून कापली जाई. उरलेल्यात दोन-तीन प्रोग्रॅम उघडले की हार्ड डिस्क घरघरत राही. थोडा हळू प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम ही जोडी घरासाठी केव्हाही सरस होती.

मराठीची गरजही कोटेशनमध्ये उतरे. डीटीपीचे काम घरून करणारा श्रीलिपी किंवा सीडॅकचे आयएसएम हे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर वापरी. त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचे हार्डवेअर लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला बसे, त्यामुळे नव्या मशीनला ते पोर्ट असणे भाग होते. एक्सपीत युनिकोड देवनागरी होती, पण ती सुरू करताना विंडोजची सीडी लागे. म्हणून सीडी ड्राइव्ह वगळून भागत नसे.

मराठवाड्यापुरता सर्वांत निर्णायक भाग मात्र यूपीएस होता. २००५ नंतरच्या भारनियमनात वीज रोज तासन्‌तास जाई. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदोपत्री ८४ वॉट-तास. जुना काचेचा मॉनिटर एकटाच ७०-८० वॉट खाई. त्यात कॅबिनेटची भर पडली की फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरताच वेळ मिळे. चपट्या टीएफटी मॉनिटरला त्याच्या निम्म्याहून कमी वीज लागे. महाग असूनही टीएफटी घेणे इथे शहाणपणाचे ठरले, आणि पुढे लॅपटॉप लोकप्रिय व्हायला त्याची स्वतःची बॅटरी हे मोठे कारण होते.

कोटेशन नीट वाचण्याची गरज आजही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. स्वस्त जुना संगणक घेणाऱ्याने प्रोसेसरची पिढी कोटेशनवर लिहून घ्यावी, किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी मागावी, आणि रॅम पुढे वाढवता येते का हे पैसे देण्याआधी विचारावे.