चारसोबीस रिटायर झाला

मित्राला थापा मारताना पकडलं की आपण सहज म्हणतो, "काय चारसोबीस माणूस आहेस राव!" गंमत बघा, एरवी शुद्ध मराठीसाठी भांडणारा सदाशिवपेठीसुद्धा इथे 'चारशे वीस' म्हणत नाही. म्हटलं तर समोरच्याला वाटेल, हा किराण्याचं बिल सांगतोय. शिवी म्हणून चालतो तो हिंदी आकडाच.

आकडा आला भारतीय दंड संहितेतून. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा १८३७ मध्येच दिला होता, पण (सरकारी प्रोजेक्ट, रिलीज लांबणारच!) कायदा पास व्हायला १८६० उजाडलं आणि अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ ला. कलमं ५११. त्यातलं ४२० म्हणजे एखाद्याला फसवून त्याच्याकडून पैसा-मालमत्ता उकळणं. सात वर्षांपर्यंत बिनभाड्याची खोली आणि वर दंड. खरं तर भयंकर गुन्हा. पण ३०२ म्हटलं की अंगावर काटा येतो आणि ४२० म्हटलं की हसू.

या हसण्यात राज कपूरचा वाटा मोठा. 'श्री ४२०' आला १९५५ साली. नावातली सगळी गंमत त्या 'श्री' मध्ये आहे. अलाहाबादहून मुंबईत आलेला ग्रॅज्युएट पोरगा पत्ते पिसता पिसता 'श्रीयुत' होतो, आणि शेवटी शेठजींची स्कीम काय, तर शंभर रुपयांत गरिबांना घर! मुंबईत घराच्या नावावर लोकांना गंडवणं तेव्हाही चालायचं म्हणजे. असो.

आता आपल्या धंद्यातली गंमत. परदेशातल्या कुठल्याशा जनरलच्या विधवेला तिचे कोट्यवधी डॉलर ठेवायला नेमकं आपलंच खातं हवं असतं, त्या ई-मेल्स आठवतात? त्या फसवणुकीला जगभर '४१९' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात खोटं बोलून माल उकळण्याचं कलम ४१९ आहे. त्यांचं ४१९, आपलं ४२०. चक्क ऑफ-बाय-वन एरर! त्यात आपलं जुनं ४१९ होतं तोतयेगिरी करून फसवण्याचं, म्हणजे ती विधवा आपल्याकडेही त्याच आकड्यात बसली असती. (कॅलिफोर्नियाला ऑनसाइट गेलेल्यांनी मात्र जपून. तिथे ४२० म्हणजे गांजा. १९७१ मध्ये सॅन राफेलच्या शाळेतली काही पोरं त्यासाठी संध्याकाळी चार वीसला भेटायची, तिथून ते आलं. टी-शर्टवर ४२० दिसलं तर तो माणूस स्वतःला लबाड म्हणवून घेत नसतो.)

तर मंडळी, १ जुलै २०२४ पासून आपला चारसोबीस रिटायर झाला. नवीन भारतीय न्याय संहितेत कलमंच आहेत ३५८, त्यामुळे ४२० नंबरच शिल्लक नाही. फसवणूक गेली ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये. खून १०३ मध्ये. जमावबंदीचं १४४ दुसऱ्या कायद्यातलं, तेही आता १६३ झालंय. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना अजून जुनंच कलम लागतं, आणि पाकिस्तान-बांगलादेशात तर ४२० अजून नोकरीवर आहे.

मला हे नुसतं गमतीचं वाटत नाही. सामान्य माणसाला कायद्याची जी दोन-चार कलमं पाठ होती ती शाळेत कुणी शिकवली नव्हती, ती सिनेमाने आणि शिव्यांनी शिकवली. आज फोनवरचा तोतया 'सीबीआय ऑफिसर' धडाधड कलमं म्हणून दाखवतो, 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचं सांगतो, आणि चांगले शिकलेले लोक घाबरून पैसे ट्रान्सफर करतात. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही. पण एकही आकडा ओळखीचा नसला की समोरचा म्हणेल ते खरं वाटायला लागतं.

नवीन नंबर जिभेवर बसेल असं काही वाटत नाही. 'तीनशे अठरा, पोटकलम चार!' असं ओरडून होईपर्यंत समोरचा पैसे घेऊन पसार झालेला असतो.