दंड, गोधडी आणि वापरणाऱ्याची रचना

मांजरा नदीकाठच्या कळंब परिसरात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, लुगडे विरले म्हणून टाकून देण्याची रीत नव्हती. मधला विरलेला पट्टा कापून काढायचा, उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे आणि तेच लुगडे पुन्हा नेसायचे, यालाच ‘दंड घालणे’ म्हणत. दंडही टिकेनासा झाला की लुगड्याचे, धोतराचे थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याच्या जवळजवळ टाक्यांनी गोधडी शिवली जाई, आणि कुठला तुकडा पाठीखाली मऊ लागेल हे शिवणारीच ठरवी.

गोधडी शिवणारीने जसा घेतला, तसा वस्तू हाताळणाऱ्याचा संपूर्ण अनुभव लक्षात घेऊन तिची घडण करणे, या विचाराला डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीत ‘युजर एक्सपीरियन्स’ हे नाव रूढ केले. हाताळणाऱ्याला वस्तूची माहिती मिळावी यासाठी युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमावलीत ‘डिजिटल उत्पादन पारपत्र’, म्हणजे वस्तूतील घटक, दुरुस्ती व पुनर्वापर यांची पडद्यावर वाचता येणारी नोंद, आली असून कापडाला त्यात अग्रक्रम आहे. मात्र दंड कुठे घालावा हे सांगणारी नोंद त्या पडद्यावर नसेल, तर ती रचना अपुरीच मानावी लागेल.