मुंबई–लंडन हवाई मार्ग : अंतर आणि प्रवासकाळ यांचा इतिहास

मुंबई आणि लंडन या शहरांमधील अंतर भूगोलाने एकदाच ठरवून दिले आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. दोन्ही विमानतळांना पृथ्वीगोलावर जोडणारी सर्वांत आखूड रेषा सुमारे ७,२०० किलोमीटर भरते, हे खरे. मात्र विमानाने प्रत्यक्षात किती अंतर कापावे आणि किती तास घ्यावेत, हे त्या त्या काळातील इंधनाच्या टाकीने व राज्यांच्या सीमांनी ठरविले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ही रेषा कराचीच्या परिसरावरून जाते. (वर्गातील पृथ्वीगोलावर दोरा ताणून हे सहज दाखविता येईल.) ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली, तेव्हा भारताचे हवाई प्रवेशद्वार कराचीच होते. सुमारे सात दिवसांच्या त्या तथाकथित हवाई प्रवासात बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने करावा लागे! कराचीला उतरणारे टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा स्वतः ‘पस मॉथ’ हे एक इंजिनाचे विमान चालवीत अहमदाबादमार्गे जुहूस आले. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते.

फाळणीनंतर मार्ग बदलला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचले. हा मार्ग सुमारे ७,९०० किलोमीटरचा होतो. म्हणजे वाढ अवघी ७०० किलोमीटरची. खरा वेळ खाल्ला तो विमानाच्या मर्यादित वेगाने आणि थांब्यांनी. थांब्यांची किंमत केवळ तासांत मोजता येत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाकडे येताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमानही जिनिव्हास उतरण्याच्या तयारीत असताना त्याच पर्वतावर कोसळले. मृतांची संख्या ११७ होती; त्यांत डॉ. होमी भाभा होते.

१९६० साली आलेल्या जेट विमानांनी वेग वाढविला. पुढे अधिक पल्ल्याच्या विमानांमुळे मधले थांबे गळाले आणि प्रवास नऊ-दहा तासांवर आला. पश्चिमेकडे जाताना वारा सामोरा येत असल्याने परतीपेक्षा जाण्यास अधिक वेळ लागतो, हा फरक मात्र राहिला.

२०१९ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानवरून जाणारा मार्ग बंद होता. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा हवाई हद्द नाकारली, आणि त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालणे भाग पडले. परदेशी कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमधील मार्ग, विमान कोणत्या देशाचे आहे यानुसार निरनिराळा झाला.